वॉकेथॉनच्या स्वयंसेवकांचा आणि निधी जमवणाऱ्यांचा सत्कार: नोंदवहीपासून घरभेटीपर्यंत

स्तन कर्करोगाच्या जनजागृतीसाठी आणि तपासणीच्या निधीसाठी आम्ही रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा वॉकेथॉन काढला, तेव्हा शेवटी व्यासपीठावर अकरा जणांचा सत्कार केला. त्यांपैकी सात जण त्या सकाळी एक पाऊलही चालले नव्हते. त्याच वेळी मागच्या सुरूच्या बनात एक मावशी चहाची पातेली घासत होत्या. पहाटे साडेतीनला उठून त्यांनी तीनशे माणसांचा चहा केला होता आणि त्याआधीच्या दीड महिन्यात बचतगटातील बायकांना सोबत घेऊन ११२ घरांचे उंबरठे झिजवले होते. त्यांचे नाव आमच्या कोणत्याच यादीत नव्हते. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या चौदा जणीही आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “राग नाही हो, पण आमची गरज होती असं काही वाटलं नाही.”

ते वाक्य आमच्या समितीने फार मनाला लावून घेतले आणि पुढच्या वर्षापासून सत्काराची सगळी पद्धत मुळापासून बदलली. ती पद्धत इथे क्रमाने मांडत आहे. किनारपट्टीवरील इतर गावांत, महाविद्यालयांत किंवा महिला मंडळांत असा उपक्रम करणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा, ही इच्छा आहे.

पद्धतीकडे वळण्यापूर्वी सत्कार कशासाठी करायचा, हे स्पष्ट असले पाहिजे. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा या आजाराने मृत्यू झाला. गाठ हाताला लागूनही कित्येक बायका महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत. कापणी होऊ दे, गणपती होऊ दे, मुलीचे लग्न होऊ दे, असे म्हणत दिवस जातात. अशा बाईला पहिल्यांदा बोलते करणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते, वाडीतलीच कोणी तरी असते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित स्थानिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. स्वयंसेविकेने तपासणी करायची नसते, निदान तर मुळीच करायचे नसते, पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत सोबत जाणारी तीच असते. तिचा सन्मान चारचौघांत नीट झाला, म्हणजे ‘हिच्याकडे जाऊन बोलता येते’ हे वाडीला कळते. आमच्या दृष्टीने सत्काराचा खरा हेतू हाच आहे आणि पुढची प्रत्येक सूचना त्यावरून ठरली आहे.

नोंदवही पहिल्या बैठकीपासून

सत्काराच्या आदल्या रात्री आठवून आठवून केलेल्या यादीत समोर दिसणारी माणसे येतात आणि मागे राबणारी सुटतात. म्हणून वॉकेथॉनच्या पहिल्याच बैठकीत दोनशे पानी वही काढावी आणि ती सांभाळण्याचे काम एकाच व्यक्तीला द्यावे. ही व्यक्ती शक्यतो अध्यक्ष किंवा सचिव नसावी, कारण त्यांना फोनमधून सवड नसते. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षिका करतात आणि त्यांच्या वहीत खाडाखोड सहसा सापडत नाही.

तारीख, पूर्ण नाव, वाडी, केलेले काम, किती वेळ आणि सोबत कोण होते, एवढेच रकाने पुरतात. महत्त्व आहे ते ‘केलेले काम’ या रकान्यातील नेमकेपणाला. ‘मदत केली’ असे लिहिलेली नोंद सत्काराच्या वेळी काहीच कामाची नसते. ‘पहाटे चार ते सहा, बॅटरी घेऊन वाळूत काठ्या रोवल्या, ओल्या वाळूची कड आखली, दोघे मुलगे सोबत’ अशी नोंद असेल, तर त्यातून मानपत्राचे वाक्य आपोआप तयार होते. किनाऱ्यावरच्या वॉकेथॉनमध्ये हे काम किती मोलाचे असते, ते बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हे गणित किनाऱ्यावरच्या घराघरांत ठाऊक असते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणून पहाटे सहाच्या सुमारास ओहोटी आणि चालायला घट्ट वाळू. अष्टमीला हेच उलटे होते. भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावेच, पण वाळू कुठे भुसभुशीत आहे आणि ओहोळ कुठे फुटला आहे, हे सांगणारा माणूस गावातलाच लागतो. त्याचे नाव वहीत आले पाहिजे.

आठवड्यातून एकदा ही वही समितीत मोठ्याने वाचावी. सुटलेली नावे तिथेच निघतात, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी म्हणतेच, “अहो, पण टेम्पो कोणी दिला होता?”

हिशेब बंद झाल्याशिवाय निधीचा सत्कार नको

निधी जमवणाऱ्यांचा सत्कार पैशाशी जोडलेला असतो, म्हणून तो सर्वांत काळजीपूर्वक करावा लागतो. गावात पैशाबद्दल एकदा शंका निघाली की ज्या बाईने दारोदार फिरून वर्गणी जमवली, तिच्याकडेच लोक बोट दाखवतात. तिला त्यापासून वाचवणे, हाच तिचा पहिला सन्मान आहे.

नोंदणीकृत संस्था नसलेल्या समितीने वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी असल्यामुळे गावात कोणाला तरी ती प्रक्रिया माहीत असतेच. नोंदणीकृत संस्थेमार्फत निधी घेत असाल, तर पावतीपुस्तके त्या संस्थेची असावीत. प्रत्येक संकलकाला पावतीपुस्तक देताना अनुक्रमांक लिहून सही घ्यावी आणि परत घेताना स्थळप्रती (पुस्तकात उरणाऱ्या पावतीच्या नकला) मोजाव्यात. ऑनलाइन रक्कम संस्थेच्या खात्यावरच्या क्यूआर कोडवरच घ्यावी, कोणाच्याही वैयक्तिक क्रमांकावर घेऊ नये. ज्याने रक्कम मिळवून दिली त्याचे नाव मात्र व्यवहारासोबत लिहून ठेवावे, नाही तर ऑनलाइन आलेल्या पैशाचे श्रेय कोणाचे, हा वाद शेवटी हटकून उभा राहतो. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिल्यास देणगीदाराला तिच्यावर प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही, हे संकलकाला आधीच सांगावे म्हणजे नंतर त्याला देणगीदारापुढे ओशाळावे लागत नाही.

कोकणात आणखी एक बाब येते, ती आखातातील नातेवाइकांची. दुबई, मस्कत, कुवेत येथे असलेली रत्नागिरी-रायगडची माणसे मनापासून देतात आणि तिथल्या मित्रांकडूनही जमवतात. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही. त्याच्या परदेशी सहकाऱ्याने किंवा विदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाने दिलेली देणगी मात्र ठरते, आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेला विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. हे न पाहता घेतलेल्या रकमेसाठी एखाद्याचा जाहीर सत्कार केला, तर आपणच त्याला अडचणीत आणतो.

सगळा हिशेब जुळला, बँकेतील शिल्लक आणि स्थळप्रतींची बेरीज एक झाली, की तो एका पानावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि वाडीच्या देवळापाशी, मशिदीपाशी लावावा. त्यानंतर निधी-संकलकांचा सत्कार करावा. वॉकेथॉनच्याच दिवशी तो करण्याचा मोह आवरावा, कारण त्या दिवशी हिशेब अर्धवट असतो. दोन-तीन आठवड्यांनी वेगळा, लहान कार्यक्रम घेतला तरी चालतो, आणि आमचा अनुभव असा की त्यालाच माणसे जास्त मन लावून बसतात.

निवड करताना

सर्वाधिक रक्कम जमवणाऱ्याला पहिला क्रमांक, दुसऱ्याला दुसरा, ही पद्धत दिसायला सोपी असली तरी माझ्या मते ती या कामाला मारक आहे. समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या एका चाकरमान्याने आपल्या कंपनीतून एका ई-मेलवर ५०,००० रुपये मिळवले आणि वाडीतल्या एका बाईने शंभर घरांतून ७,००० जमवले. दोघांचेही आभार मानलेच पाहिजेत, परंतु दुसरीने रकमेबरोबर शंभर घरांत या आजाराचे नाव उच्चारले, शंभर बायकांना तिशीनंतर आरोग्य केंद्रात तपासणी होते हे सांगितले. क्रमवारीत तिचे हे काम दिसतच नाही.

अमेरिकेत ‘मेकिंग स्ट्राइड्स’ या स्तन कर्करोगासाठीच्या पदयात्रांमध्ये ठरावीक रकमेपुढे निधी जमवणाऱ्या प्रत्येकाला ‘पेससेटर’ म्हणतात. त्यातली चांगली गोष्ट अशी की तिथे एकाने दुसऱ्याला हरवायचे नसते. उंबरठा ओलांडणारा प्रत्येक जण मानकरी ठरतो. आम्ही उंबरठ्याची कल्पना घेतली, पण मोजमाप बदलले. पंचवीस घरे किंवा पंचवीस देणगीदार पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचा नामोल्लेख होतो, मग रक्कम कितीही असो. रक्कम वाचून दाखवली जात नाही. ती मानपत्रात असते, कारण ते ज्याचे त्याच्याकडे राहते.

स्वयंसेवकांमध्ये तर वगळणे नकोच. प्रत्येकाला पत्र आणि वाडीनिहाय गटाने व्यासपीठासमोर उभे राहून सर्वांचा नामोल्लेख, इतके झालेच पाहिजे. त्याखेरीज दोन-चार जणांचा विशेष उल्लेख करायचा असेल, तर त्याचे कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे आणि ते कारण वहीत तारखेसह सापडले पाहिजे. सांगता येत नसेल तर ते नाव ओळखीतून किंवा दबावातून आले आहे असे समजून थांबावे.

आशाताई आणि अंगणवाडी सेविकांबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. त्यांचे सत्कार पुष्कळ होतात आणि प्रवासखर्च मात्र कोणी देत नाही. त्यांचा कामाचा दिवस आपण घेतला असेल तर रिक्षाचे, एसटीचे पैसे आणि जेवण आधी द्यावे, मग शाल. विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रमाणपत्रावर तारीख, काम आणि तास लिहावेत, कारण राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास पूर्ण करावे लागतात आणि ‘उत्स्फूर्त सहभाग घेतला’ एवढ्या मजकुराचा त्यांना तिथे काहीच उपयोग होत नाही.

आधी विचारा

सत्कार ही आनंदाची गोष्ट आहे, म्हणून ती विचारल्याशिवाय करता येते, असा आपला समज असतो. या विषयात तो समज घातक ठरू शकतो. आपल्या स्वयंसेविकांपैकी काही जणी स्वतः या आजारातून गेलेल्या असतात आणि त्यांतल्या कित्येकींच्या सासरी-माहेरी ते ठाऊक नसते. मुलीचे लग्न ठरायचे असते, किंवा नवऱ्याच्या घरी ‘हा आजार वंशाचा’ अशी बोलणी ऐकायची भीती असते. अशा बाईचा ‘कर्करोगावर मात करणाऱ्या आमच्या ताई’ असा माइकवरून उल्लेख झाला, तर आपण तिचे जे नुकसान करतो ते भरून येत नाही.

म्हणून प्रत्येक मानकऱ्याला आठ दिवस आधी प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. नाव कसे लिहायचे आणि कसे उच्चारायचे? कामाबद्दल काय सांगितले तर चालेल? आजाराचा उल्लेख करायचा की नाही? फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला तर चालेल का? उत्तरे त्याच वहीत लिहावीत आणि सूत्रसंचालकाच्या हाती जाणाऱ्या कागदावर जशीच्या तशी उतरवावीत. नावाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण काही जणींना माहेरचे आडनाव हवे असते, काहींना नवऱ्याचे नाव नको असते आणि मोहल्ल्यातल्या आपांची नावे आपल्याकडचे निवेदक सर्रास चुकीची उच्चारतात. फोटोला नकार देणारीला कारण विचारू नये.

निधी देणाऱ्या किंवा राबणाऱ्या कुटुंबातील व्यक्ती या आजाराने गेलेली असेल, तर विचारताना आणखी सावकाश जावे. कोणाला आईचे नाव घेतलेले हवे असते, कोणाला ते ऐकवत नाही. आम्ही अशा घरांत फोन करत नाही, जाऊन बसतो.

काय द्यावे, काय देऊ नये

दुसऱ्या वर्षी आम्ही हौसेने स्वागतासाठी अबोलीचे गजरे आणले. महाविद्यालयातल्या मुली परडी घेऊन दाराशी उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या केसांत गजरा माळत होत्या. केमोथेरपी चालू असलेली एक ताई डोक्याला सुती रुमाल बांधून आली. मुलीचा हात पुढे आला, थबकला आणि तिने गजरा तसाच ताईंच्या हातावर ठेवला. ताई संपूर्ण कार्यक्रमभर तो ओंजळीत धरून बसल्या होत्या. निघताना त्यांनी तो पिशवीच्या बंदाला गुंडाळला आणि त्या मुलीच्या गालाला हात लावून गेल्या. ती मुलगी नंतर बराच वेळ रडत होती. आम्ही तेव्हापासून गजरा देत नाही. सर्वांच्या हातात एक जास्वंदीचे फूल देतो, कारण उपचार चालू असताना उग्र वासाने मळमळते आणि जास्वंदीला वास नसतो.

अशाच काही गोष्टी शरीराशी संबंधित आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पुढे सूज येण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीच्या हातात लाकडी किंवा धातूचे जड स्मृतिचिन्ह देऊन फोटोसाठी उभे करू नये, त्या हाताला घट्ट बांगडी किंवा धागा बांधू नये आणि व्यासपीठावर चढवताना दंडाला धरून ओढू नये. कोणत्या हाताला सूज आहे हे आपल्याला कळण्याची गरज नाही, म्हणून हे नियम सर्वांसाठीच पाळावेत.

खणा-नारळाने ओटी भरण्याची आपली रीत प्रेमाची आहे, परंतु तिच्यात विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया बाजूला पडतात. निधीसाठी फिरणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. वॉकेथॉनच्या सत्कारात एकच नियम ठेवावा: जे द्यायचे ते प्रत्येकीला सारखे, आणि हळदीकुंकू कार्यक्रमाबाहेर.

वस्तूंच्या बाबतीत फार डोके खपवू नये. शोभेच्या ट्रॉफीपेक्षा सावंतवाडीच्या लाखकामातील लहानशी वस्तू किंवा काथ्याची पिशवी लोक वापरतात. ज्याच्या परसात जागा आहे त्याला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून आणलेले बाणवली नारळाचे रोप द्यावे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ते देऊन उपयोग नाही. या खर्चाची एक अट मी कधीही शिथिल करणार नाही. सत्काराचा एकही रुपया जमा झालेल्या निधीतून जाता कामा नये. त्यासाठी वेगळा प्रायोजक शोधावा आणि हिशेबाच्या पानावर तसे लिहावे. प्रायोजक निवडताना तंबाखू-गुटखा आणि दारू विकणाऱ्यांना सरळ नकार द्यावा. दारूमुळे स्तन कर्करोगाचा धोका वाढतो हे सिद्ध झालेले आहे, आणि परमिट रूमचे नाव छापलेला टी-शर्ट घालून आपल्या मुली चालल्या तर लोकांना आपण काय सांगायचे?

मानपत्राचा मजकूर

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पत्र. छापील चौकटीत नुसते नाव भरलेले नको, एकेक स्वतंत्र लिहिलेले हवे. साठ पत्रे लिहायला आमच्या तिघींना चार संध्याकाळी लागतात. वही नेमकी असेल तर त्यात काही जड नाही. ‘आपल्या निःस्वार्थ सेवेस मानाचा मुजरा’ अशा वाक्याने काही कळत नाही. चार-पाच ओळींत त्या व्यक्तीने काय केले ते सांगावे. नमुना म्हणून, सुरुवातीला सांगितलेल्या मावशींना आम्ही उशिरा का होईना, दोन वर्षांनी दिलेल्या पत्राचा मजकूर देते:

“वॉकेथॉनपूर्वीच्या दीड महिन्यात आपण ११२ घरी गेलात आणि ९८ घरांतून ७,४५० रुपये जमवलेत. प्रत्येक पावतीचा हिशेब आपण दुसऱ्याच दिवशी दिलात. वॉकेथॉनच्या पहाटे तीनशे जणांचा चहा आपण केलात. आपल्या सोबतीमुळे वाडीतील तिघी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी गेल्या. या कामाची नोंद त्या वेळी घेतली गेली नाही, ही समितीची चूक होती आणि त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो.”

यातले तिघींचे वाक्य पत्रापुरतेच आहे. चाळीस घरांच्या वाडीत ‘तिघी तपासणीला गेल्या’ असे माइकवर म्हटले की त्या कोण, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते.

कार्यक्रमाची सकाळ

ऑक्टोबर हा जगभर स्तन कर्करोग जनजागृतीचा महिना असला, तरी आपल्याकडे तो भातकापणीचा आणि अंगाची लाही करणाऱ्या उन्हाचा महिना आहे. चालणे साडेसातपर्यंत संपले आणि स्वयंसेवकांचा सत्कार आठ ते साडेआठ या वेळात झाला, तर माणसे शेतावर वेळेत पोहोचतात. हर्णैसारख्या बंदरगावात संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, म्हणून मासे विकणाऱ्या बायकांना विचारूनच वेळ ठरवावी. मोहल्ल्यातील स्त्रिया सहभागी असतील तर शुक्रवारची दुपार टाळावी.

एका मानकऱ्याला पंचेचाळीस सेकंद धरले तर चाळीस जणांना अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास भाषणांनी खाल्ला जातो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. आम्ही दोन बदल केले. पाहुण्यांचे स्वागत फक्त शब्दांनी केले आणि त्यांची भाषणे सत्कारांनंतर ठेवली. दुसरा बदल अधिक परिणामकारक ठरला. व्यासपीठावर खुर्च्या ठेवल्याच नाहीत. पाहुणे पहिल्या रांगेत बसले आणि पत्र देण्याचे काम, ज्यांनी होकार दिला होता अशा, आजारातून बऱ्या झालेल्या दोघींनी केले. एका लोकप्रतिनिधींना हे सांगताना मनात धाकधूक होती, पण त्यांनी ते आनंदाने मान्य केले.

निवेदकाने नावाआधी काम वाचावे. “पहाटे चारला बॅटरी घेऊन ज्यांनी आपली वाट आखली ते…” असे म्हटले की बसलेली माणसे माना वळवून शोधू लागतात आणि मग नाव येते. चहा, पार्किंग, कचरा उचलणे आणि प्रथमोपचार सांभाळणाऱ्यांना त्या अर्ध्या तासापुरते कामातून मोकळे करण्यासाठी दुसरी माणसे आधीच नेमावीत. नाही तर त्यांचे नाव पुकारले जाईल तेव्हा त्या पुन्हा पातेलीच घासत असतील.

जे येऊ शकले नाहीत

निधी जमवणाऱ्यांपैकी अनेक जण मुंबई-पुण्यात असतात. त्यांना ऑक्टोबरात बोलावणे व्यवहार्य नाही. ते गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येतातच. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते आणि सगळी वाडी जागेवर असते, तेव्हा मांडावर, म्हणजे शिमग्यासाठी सगळे जमतात त्या जागेवर, ग्रामस्थांच्या परवानगीने पाच मिनिटांत दोघा-तिघांना पत्र देता येते. देवाच्या कार्यात आपल्या समितीचे फलक मात्र लावू नयेत. मुंबईतील ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीतही हे करता येते.

आजारी, वृद्ध किंवा सुतकात असलेल्यांच्या घरी दोघा-तिघांनी जावे, फोटोग्राफर नेऊ नये, पत्र वाचून दाखवावे आणि चहाला नाही म्हणू नये.

मावशींकडे आम्ही असेच गेलो होतो. जुन्या पावतीपुस्तकांवरून आकडे काढून वर दिलेले पत्र तयार केले होते. त्यांनी ते शेजारच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, “अठ्ठ्याण्णव नाही, नव्याण्णव घरं.” आम्ही परत येऊन पुस्तके तपासली. शेवटच्या पुस्तकातील दोन स्थळप्रती पावसाच्या ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवल्यावर नव्याण्णवावी पावती निघाली, पन्नास रुपयांची. ती रक्कम जमेत होती, नोंद सुटली होती. दुरुस्त पत्र घेऊन आम्ही चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी आधीचे पत्र परत दिले आणि नवे रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले.

नंतरचे महिने

पत्र दिल्यावर स्वयंसेवकांशी संपर्क तुटू देऊ नये. निधीचे काय झाले, हे सहा महिन्यांनी त्यांना लेखी कळवावे: किती तपासणी शिबिरे झाली, किती स्त्रियांच्या मॅमोग्राफीचा खर्च दिला, परळच्या टाटा रुग्णालयात किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात उपचारासाठी जाणाऱ्या किती कुटुंबांच्या प्रवासाला हातभार लागला. फक्त संख्या द्याव्यात, गाव आणि नाव कधीही देऊ नये. ज्या संकलकाने शंभर घरांतून पैसे आणले, त्याला त्या शंभर घरांत उत्तर द्यायचे असते, आणि हा कागद त्याच्या हाती असला म्हणजे पुढच्या वर्षी तो ताठ मानेने त्याच दारात उभा राहतो.

नोंदवही पुढच्या समितीकडे सोपवताना पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती कोरड्या डब्यात ठेवाव्यात, आणि वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीला कोणाकोणाला बोलवायचे ती नावे लिहून ठेवावीत. आमच्या वहीत त्या पानावर सध्या सतरा नावे आहेत. पहिले नाव मावशींचे आहे.